टीमचा नंबर

आई ज्या आजाराने गेली, त्याच्या संशोधनासाठी दोघे भाऊ आपापले कॉम्प्युटर रिकाम्या वेळी इंटरनेटवरून आकडेमोडीला राबवायला देत. त्यात दोघांची टीम एकच, आईच्या नावाची. मग घराच्या वाटणीवरून तोंडाला तोंड लागलं आणि धाकटा आपला कॉम्प्युटर तिथेच सोडून वेगळा राहायला गेला. “दादाला फोन कर,” बहीण म्हणायची. “मेलो तरी विचारणार नाही तो!” हा भडकायचा. तीन वर्षांनी त्याने नव्या कॉम्प्युटरवर तेच संशोधनाचं सॉफ्टवेअर चढवायला घेतलं. पडद्यावर प्रश्न येऊ लागले. महिनाभरात त्याची एवढी चौकशी कोणी केली नव्हती. नाव? टाकलं. टीमचा नंबर? नसेल तर एंटर दाबा. शिवी हासडून जुनाच नंबर ठोकला. उत्तर आलं: तुमच्या नावावर एक कॉम्प्युटर आजही चालू आहे. दुसरा जोडायचा? म्हणजे दादाकडे सोडलेला तो जुना कॉम्प्युटर. “अरे दादा, एकदा सांगायचंस ना!” तो रिकाम्या खोलीत ओरडला.