गाडीतले पप्पा

दुधाचा टँकर घाट उतरत असताना फोन वाजला. मच्छिंद्रचा हात सवयीने खिशाकडे गेला, पण त्याआधीच गाडीने फोन उचलला होता.

"बोल गं रेवा," गाडी त्याच्याच आवाजात म्हणाली.

दंड करून पाहिले, लायसन्स जप्त करून पाहिले, तरी घरचा फोन नुसता वाजू देणं कुठल्याच ड्रायव्हरला जमलं नव्हतं. शेवटी सरकारने प्रत्येक गाडीत ड्रायव्हरचा आवाज बसवला. चाक फिरत असेपर्यंत तोच घरच्यांशी बोलायचा. मच्छिंद्रने फक्त ऐकायचं आणि रस्ता बघायचा.

रेवाचं वर्गातल्या प्राजक्ताशी भांडण झालं होतं. गाडीने तिला मध्ये तोडलं नाही. "मग तू काय म्हणालीस?" असं विचारत राहिली. वळणं संपून सपाटी लागेपर्यंत रेवा बोलत होती, शेवटी तर हसलीसुद्धा.

संध्याकाळी मच्छिंद्र घरी पोचला. चहा घेता घेता म्हणाला, "त्या प्राजक्ताच्या नादी कशाला लागतेस? अभ्यास कर."

रेवाने दप्तर पुढे ओढलं. वही काढता काढता तिने विचारलं, "पप्पा, उद्या गाडी किती वाजता निघणार?"

"पहाटे. का गं?"

"प्राजक्ताचं पुढचं सांगायचंय."

"मग सांग की आत्ता. बसलोय ना समोर."

"नको," रेवा म्हणाली. "तुम्ही गाडीवर गेलात की सांगते."