झाकणभर औषध

“तीन झाकणं दे तिले,” वीरेंद्र म्हणाला. “एकानं काही होऊन नाही राहिलं.”

अलका सासूच्या बद्धकोष्ठाच्या औषधाची बाटली घेऊन तशीच उभी राहिली. “डॉक्टरनं रोज सकाळी एकच झाकण सांगितलं. असर व्हाले दोन-तीन दिवस लागतील म्हणले. तोवर वाढवू नोका म्हणले.”

“त्याले काय जाते सांगाले? इथं पोट साफ होऊन आठवडा झाला.”

अलकानं तीन झाकणं मोजली. नवऱ्याशी वाद घालणं तिनं कधीच सोडलं होतं.

वीरेंद्रचं घर रामाकोन्यात आणि बियाणं, फवारणीच्या औषधांचं दुकान सौंसरला. दुकानात तो दिवसभर शेतकऱ्यांवर खेकसायचा. पंपाला तीस मिली म्हणजे तीसच. जास्त टाकलं तर संत्र्याची पालवी जळेल आणि मग माझ्याच नावानं बोंबलाल. अडाण्यांना मोजमाप कळत नाही, असं त्याचं ठाम मत होतं. आईचं औषध मात्र त्याच्या मनाप्रमाणे वाढत होतं.

त्याची आई देवकाबाई गेल्या दिवाळीत घसरून पडल्या. तेव्हापासून त्यांना धरून उठवावं लागे. एकट्या अलकाला ते जमत नसे. त्यामुळे वीरेंद्र दुकानात जायच्या आधी एकदा, जेवायला आला की एकदा आणि संध्याकाळी एकदा त्यांना अंगणापलीकडच्या संडासात घेऊन जाई. बाहेर उभं राहून तो मोबाईल बघे आणि दर मिनिटाला विचारे, “झालं?” आतून उत्तर येई, “नाही बापू.” तो मान हलवी. एवढी साधी गोष्टही या बाईला जमत नाही.

त्याला सगळ्यात जास्त राग याचा होता, की पांढुर्ण्याला लेकीकडे असल्यावर म्हातारीची काहीच तक्रार नसायची. आखाडीला पंधरा दिवस उर्वशीकडे राहिली, तेव्हा औषधाचं नावही निघालं नाही. “तिथं सगळं बरोबर होते,” तो गिऱ्हाइकांसमोरच सांगे. “माह्या घरी आली का कारखाना बंद.” गिऱ्हाइकं हसत. तोही हसे.

दोन दिवस तीन-तीन झाकणं पोटात गेली. तिसऱ्या दिवशी सकाळपासून देवकाबाईंना जुलाब लागले. पोटात कळा येऊ लागल्या. दुपारपर्यंत चादरी दोनदा बदलाव्या लागल्या. वीरेंद्र जेवायला आला आणि खांद्यावरचा दुपट्टा नाकाला लावून दारातच थांबला. “आधी होत नव्हतं, आता थांबत नाही,” तो म्हणाला. “या बाईचं मधलं काही नाहीच.”

अलकानं त्याला न विचारता उपकेंद्रातल्या नर्सला फोन केला. सोनाली दहा मिनिटांत आली. वीरेंद्रच्या लेखी ती फुकटच्या गोळ्या वाटणारी पोरगी होती. तिनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. देवकाबाईंचं पोट दाबून पाहिलं, बीपी घेतला, जीभ पाहिली. हाताची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी तशीच उभी राहिली.

“उलटी झाली?”

“नाही,” अलका म्हणाली.

“किती झाकणं दिली?”

वीरेंद्र म्हणाला, “तीन. औषधच बेकार आहे. एकानं काय होते?”

“भाऊ, हे औषध स्वतः काही करत नाही,” सोनाली म्हणाली. “ते अंगातलं पाणी आतड्यात ओढून आणते, म्हणून शौच नरम होते. त्याले वेळ लागते. आन् अंगात पाणीच नसन तर ते आणखी सुकवते. तुम्ही सुकलेल्या माणसाले तीन झाकणं पाजली.” मग ती अलकाकडे वळली. “आता हे बंद. पोट ठिकाणावर आल्यावर डॉक्टरले विचारूनच सुरू करा, तेही एकाच झाकणानं. संध्याकाळपर्यंत लघवी नाही झाली, उलटी झाली, नाहीतर पोट जास्त दुखलं, तर सौंसरच्या दवाखान्यात न्या. वाट नका पाहू.”

तिनं ओआरएसचं पाकीट पाण्यात मिसळलं आणि चमच्या-चमच्यानं देवकाबाईंच्या तोंडात घालू लागली. “दिवसभरात पाणी किती पेतात ह्या?”

“तांब्या भरून ठेवतो मी,” अलका म्हणाली. “संध्याकाळी तसाच भरलेला राहते.”

“हट्टी आहे,” वीरेंद्र म्हणाला. “जनमाची हट्टी. कितीक वेळा सांगितलं.”

सोनालीनं चमचा खाली ठेवला. “आजी, पाणी काहून नाही पेत तुम्ही?”

देवकाबाई हळूच म्हणाल्या, “पाणी पेलं का उठा लागते. उठाले याले आवाज द्या लागते.”

“मंग?” वीरेंद्रचा आवाज चढला. “मी कधी नाही म्हणलो? दुकान सोडून येतो मी. सांग इले, एकदा तरी नाही म्हणलो काय?”

“नाही बापू. तू येतोस,” देवकाबाई म्हणाल्या. “येतानाचं तुहं तोंड पाहवत नाही मले.”