चाकांतले केस

कॅन्टोन्मेंटातले गोरे साहेब गेले आणि त्यांच्या पोरांचं खेळण्यातलं आगगाडीचं इंजिन रुळांसकट शिवाजीनगरच्या जुन्या बाजारातून आमच्या घरात आलं. माझ्या भावाला, बिंदुमाधव अण्णाला, त्याचं वेडच लागलं. ते घसरू नये म्हणून अण्णाने त्यात शिसं भरलं, शिवणयंत्राचं तेल घातलं, आणि चावी देऊन रोज रुळांशेजारी फरशीला गाल टेकवून तो चाकं बघत पडायचा.

तरी इंजिन अडायचंच. चाकांत लांब केस गुंतलेले निघायचे. ते चिमटीत धरून अण्णा माझ्या तोंडासमोर नाचवायचा. "शी! विधवा बहिणीनं केस राखले की घरात हेच व्हायचं!"

शेवटी न्हावी बोलावून त्याने माझं डोकं भादरून घेतलं. तेव्हापासून त्याचं ताट मी लांबूनच सरकवते.

काल इंजिन पुन्हा अडलं, आणि अण्णाला फरशीवरून उठताच येईना. त्याची लांब शेंडी चाकांत ओढली गेली होती. मी कात्री घेऊन धावले.

 

"अहल्या, थांब! इंजिन मोड हवं तर, पण शेंडीला कात्री लावू नकोस!"