दर रविवारचा शेरा

“स्वतः जाऊन बघ गं एकदा आईला,” आईची मैत्रीण मिसेस पेजेट फोनवर म्हणाली होती. हेस्टरने ते हसण्यावारी नेलं. डंकन आईला दर रविवारी फिरवून आणत होता. कधी जुनी गढी, कधी पडका मठ. भावाने आणखी काय करायचं? आई त्याच्याकडेच राहायची; फोन केला की तोच उचलायचा. “फिरून दमलीये, झोपलीये. तू तुझं तान्हं सांभाळ.”

आज शनिवारी मात्र न कळवताच ती लीड्सहून निघाली. डंकनचं घर पाच मैलांवर राहिलं आणि मागच्या सीटवर तान्ह्या ओटिसने भुकेने टाहो फोडला. वळणावर दगडी चर्च दिसलं. डंकनने पाठवलेल्या चित्रकार्डावरचंच. ‘आईला फार आवडलं,’ असं त्याने मागे लिहिलं होतं. दार उघडंच होतं.

आत एक म्हातारी फुलं लावत होती. “पाज गं खुशाल. इथे पुरलेले सगळे आठशे वर्षांपूर्वीच गेलेत, बघतंय कोण!”

हेस्टरला हसू आलं. “माझी आई येते इथे रविवारी. विनिफ्रेड.”

म्हातारीचा हात थांबला. “ती तुझी आई? मुलगा सकाळी सोडतो तिला इथे आणि आपल्या मैत्रिणीला घेऊन गढीवर जातो. तिथल्या पायऱ्या आईला झेपत नाहीत, म्हणे. पाचला येतो न्यायला. सूप मी देते. धन्य गं तुम्ही पोरं!”

बाळाला खांद्यावर टाकून हेस्टर दाराजवळच्या पाहुण्यांच्या वहीपाशी गेली. नाव, गाव, शेरा. ‘सुंदर खिडक्या.’ ‘निवांत जागा.’ आणि मध्ये मध्ये, दर रविवारी, आईचं तिरकं अक्षर. सप्टेंबरात ‘छान शांत.’ ऑक्टोबरात ‘आजही इथेच.’ मग नुसतंच ‘गारठा.’

गेल्या रविवारचा शेरा रकान्यात मावला नव्हता. तो समासातून खाली उतरला होता.

‘डंकन म्हणतो, हेस्टरला माझ्याशी बोलायचंच नाही. माझी पोर असं म्हणणार नाही. तिचंच काहीतरी बिनसलंय. वाचणाऱ्यांपैकी कोणी लीड्सचं असेल, तर तिचा पत्ता नऊ, टॅनरी रो. बाळ लहान आहे, घरात दुसरं माणूस नाही. तेवढं डोकावून या.’