साडेचार मिलिलिटर

आर्नुल्फने सिरिंजमध्ये बरोबर साडेचार मिलिलिटर साधे पाणी ओढले, छोट्या पेल्यात सोडले आणि पेला बायकोच्या हाती दिला. बोर्गहिल्डने तो एका घोटात रिता केला. हा एकविसावा दिवस.

बावीस वर्षे तिच्या आतड्यांचे दुखणे त्यानेच सांभाळले होते. काटे वेचून मासा उकडायचा, ओट्सची पेज गाळायची, रक्त पडू लागले की हिमवादळातही गाडी काढायची. मग गेल्या शरदात डॉक्टरीणबाईंनी नवे औषध लिहून दिले. गोळी तीच, दारू नि अफू सोडवताना देतात ती; मात्रा मात्र तिचा जेमतेम अकरावा हिस्सा. गोळी पन्नास मिलिलिटर पाण्यात विरघळवायची, बाटली फ्रिजमध्ये ठेवायची, रोज मोजून द्यायचे. जन्मभर कारखान्यात मापे तपासलेल्या आर्नुल्फने हेही चोख केले. नाताळात बोर्गहिल्डने तपकिरी चीज घालून तीन वॅफल खाल्ले. जानेवारीत ती चर्चच्या गायनवृंदात जाऊ लागली. तिथला विधुर तोरगेइर तिला स्कीवर न्यायला दारात येऊ लागला.

"आर्नुल्फ, बायकोला कुलूप लाव बाबा! उतारावर माझ्याही पुढे पळते!"

ती खळखळून हसली. त्याच्या पेजेने तिला असे कधी हसवले नव्हते. त्याच संध्याकाळी त्याने बाटलीतले औषध बेसिनमध्ये ओतले आणि तीत नळाचे पाणी भरले. तिला पुन्हा आपली गरज लागावी, एवढेच त्याला हवे होते.

पण ती आजारी पडेना. उलट तिचे गाल भरले. औषधावाचून ही बरी राहते, ती त्या तोरगेइरमुळेच, या विचाराने आर्नुल्फ आतून जळत राहिला.

बाविसाव्या दिवशी सकाळी तोरगेइरची गाडी दारात आली. ईस्टरचे चार दिवस गायनवृंद डोंगरावरच्या लाकडी घरात राहणार होता. आर्नुल्फने बाटली तिच्या पिशवीत ठेवली.

"मोजून घे. विसरशील नाहीतर."

तिने बाटली काढून टेबलावर ठेवली. "राहू दे ती. माझं औषध आहे माझ्याकडे. तीन आठवड्यांपूर्वीच नवीन चिठ्ठी आणली."

त्याचा चेहरा पडला. "तुला... कळलं होतं?"

"औषध कडूजहर असतं, आर्नुल्फ. पाणी नसतं."

"मग रोज पीत का होतीस?"

बोर्गहिल्डने स्की खांद्यावर घेतल्या.

"रोज वाटायचं, आज तरी कडू लागेल."