कालची पालखी

पाखाडीच्या पायऱ्या चढून अंगणात पाऊल टाकल्या टाकल्या, बॅग खाली ठेवायच्या आधीच अजिंक्यनं सांगून टाकलं की विमान रद्द झालं होतं. दिल्लीहून गोव्याचं, परवा सकाळचं. त्याचा स्वतःचा काही दोष नव्हता. तसं त्याला अजून कोणी विचारलंही नव्हतं.

भागोजी पडवीत बसून शेंडी राखून नारळ सोलत होता. धाकट्या भावाकडे बघून तो नुसता "ये" म्हणाला. विमान रद्द झाल्याचा मेसेज परवाच आला होता, आणि तेव्हापासून त्याच्या मनात पाल चुकचुकत होती.

अंगण शेणानं सारवलेलं होतं आणि जनीवहिनीनं दारापासून पाखाडीपर्यंत रांगोळी घातली होती. तिची एक रेघ मोडली नव्हती. शिमग्यात देवीची पालखी या अंगणात नाचून गेली असती तर रांगोळीचं नाव उरलं नसतं. इथं वाढलेल्या माणसाला हे दिसायला हवं होतं, पण अजिंक्यचं लक्ष नव्हतं. पालखी काल यायची होती, म्हणजे काल आली आणि गेली, असं तो धरून चालला होता. शहरात राहून राहून पालखीलाही वेळापत्रक असतं असं वाटायला लागत असावं. भागोजीनं त्याचा समज मोडला नाही.

सगळं अडलं होतं ते वर कातळाच्या सड्यावरच्या हापूसच्या कलमांपायी. बाग दोघा भावांची, पण कावडीनं पाणी घालून जगवली ती भागोजीनं. गेल्या महिन्यात एक एजंट टेप घेऊन बाग मापायला आला आणि बिनदिक्कत सांगून गेला की रिसॉर्टसाठी धाकट्यांनी त्यांचा हिस्सा द्यायचं कबूल केलंय. भागोजीच्या पायाखालची जमीन सरकली. फोनवर अजिंक्यनं साफ कानांवर हात ठेवले. वर स्वतःच म्हणाला, शिमग्याला येतो, पालखी दारात आली की नारळावर हात ठेवून सांगतो. भागोजीला तेवढं पुरे होतं. देवीसमोर नारळावर हात ठेवून खोटं बोलणारा त्या घरात अजून जन्मला नव्हता. खोटं असेल तर एकच वाट उरत होती, पालखीच्या वेळी घरात नसणं.

जनीनं चहा आणला. अजिंक्य खुर्चीत बसून विमानतळावरची लढाई रंगवून सांगायला लागला. ऐनवेळी विमान रद्द केलं तर कंपनीनं काय काय द्यायचं असतं, हे त्याला पाठ होतं. काउंटरवरच्या पोरीला त्यानं नियम वाचून दाखवला. जेवण मिळवलं, हॉटेलची खोली मिळवली, नुकसानभरपाई कबूल करून घेतली. बाकीचे प्रवासी त्याच्यामागे उभे राहिले म्हणे. जनी कौतुकानं ऐकत होती.

भागोजीनं सगळं ऐकून घेतलं. गावातला दर्शन रत्नागिरीत तिकिटांच्या ऑफिसात बसतो. त्याच्याशी भागोजी कालच फोनवर बोलला होता. दर्शननं त्याला आणखी एक नियम सांगितला होता, जो अजिंक्यच्या गोष्टीत कुठंच येत नव्हता.

"कंपनीनं दुसरा विमान दिलान नाय?" त्यानं विचारलं.

अजिंक्यचा चहाचा कप ओठांपाशी थांबला.

"दिलं होतं. त्याच दिवशी दुपारचं."

"मंग?"

"मी म्हटलं, आधी भरपाईचं बोला. आपला हक्क असा सोडायचा का, दादा?"

"म्हंजे निवड तुझी व्हती."

अजिंक्यनं कप खाली ठेवला. मग म्हणाला की पालखी चुकली याचं त्यालाही वाईट वाटतंय, पण देवीला सगळं कळतं, आता पुढच्या शिमग्याला बघू. हे बोलताना त्याचा आवाज हलका झाला होता. लहानपणी ताप आला म्हणून शाळा चुकली की तो असाच हलका होऊन बोलायचा. भागोजीला ते आठवलं आणि त्याचा संताप झाला.

तेवढ्यात घराच्या मागून, वरच्या अंगानं ढोल ऐकू आला.

अजिंक्यनं मान वर केली. "हे काय आता?"

"पालखी," जनी म्हणाली. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. "वरच्या वाडीत रातभर नाचवीत ऱ्हायले. कालची आज येतेय. तुझा नशीब बघ, भावजी, गावली तुला."

ती ओटीचं ताट आणायला लगबगीनं आत गेली. अजिंक्य उठून उभा राहिला, आणि आता कुठं त्याची नजर रांगोळीवर गेली. दारापासून पाखाडीपर्यंत ती जशीच्या तशी होती.

भागोजीनं सोललेला नारळ त्याच्यापुढं धरला. अजिंक्यनं हात पुढं केला नाही. बॅगेचा पट्टा त्यानं मुठीत घट्ट धरला होता.

"दादा," तो खालच्या आवाजात म्हणाला, "पालखी यायच्या आधी आपण दोघंच जरा आत बसून बोलू या का?"

गेला महिनाभर भागोजी याच घटकेची वाट बघत होता. ढोल पाखाडीच्या वरच्या वळणावर आला. पोरांच्या आरोळ्या ऐकू येऊ लागल्या, गुलाल उडताना दिसला. नारळ त्याच्या हातात तसाच होता. मध्ये आणखी एखादं घर असतं, पालखी तिथं थोडी नाचली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.