कॉर्पोरल गेन्सची बायको

डोळे तपासायच्या खोलीत झेंडे कशाला लावतील? व्हर्लीन दारातच थबकली. समोर लांबलचक टेबल आणि त्याच्यामागे कोट-टाय घातलेली पाच गंभीर माणसं.

"ओझेल, चष्म्याचा नंबर काढायला एवढी माणसं लागतात?"

तिच्या नवऱ्याने नजर चुकवली. त्याने टोपी काढून हातात धरली. तेवढ्यात रेनाटा मोब्ली पुढे आली. वसंतात त्यांच्या मेकन गावच्या चर्चमध्ये येऊन म्हाताऱ्या शिपायांची चौकशी करून गेलेली ती वकील मुलगी.

"मिस व्हर्लीन, तुम्ही इथे माझ्यामागे बसा. आज लष्करी मंडळापुढे मिस्टर गेन्सची सुनावणी आहे. त्यांनी तुम्हाला सांगितलेलं दिसत नाही."

"मला अटलांटाला येऊच नकोस म्हणत होता," व्हर्लीन पुटपुटली आणि बसली.

मधल्या पांढऱ्या केसांच्या गोऱ्या माणसाने घसा साफ केला. "मिस्टर गेन्स, त्या दिवशी काय झालं ते तुमच्या शब्दांत सांगा."

ओझेलने सांगितलं. दुसरं महायुद्ध संपत आलं होतं. छावणीतल्या खाणावळीत पकडून आणलेले जर्मन कैदी टेबलाशी बसून जेवत होते. ओझेलसारख्या काळ्या शिपायांनी मात्र मागच्या दाराशी उभं राहून ताट घ्यायचं होतं. ओझेल आत गेला आणि एका रिकाम्या खुर्चीवर बसला. एवढंच. शिवी नाही, धक्काबुक्की नाही. महिना संपायच्या आत त्याला सैन्यातून काढलं. ना खटला, ना साक्ष. सन्मानाने सोडलेल्यांना पांढरा दाखला मिळायचा. त्याच्या हातात निळा ठेवला.

"त्यामुळे तुम्ही कशाला मुकलात?"

ओझेलने एकदा मागे वळून बायकोकडे पाहिलं, मग घाईने पुढे.

"मला शिकायचं होतं, साहेब. शेतकी कॉलेजात. लढून आलेल्यांची फी सरकार भरत होतं. मी कचेरीत पुन्हा पुन्हा गेलो. खिडकीतला माणूस दाखल्याचा रंग बघायचा आणि म्हणायचा, चला, पुढचा कोण."

व्हर्लीनला आपलेच टोमणे आठवले.

तिचा भाऊ वेंडेल त्याच युद्धातून आला होता. सरकारच्या पैशाने शिकला, मास्तर झाला, विटांच्या घरात राहायला गेला. लग्न झाल्या झाल्या ती ओझेलच्या मागे लागली होती, तूही जा, नाव घाल. "पुस्तक उघडलं की माझं डोकं दुखतं," असं म्हणून तो कागदाच्या गिरणीत ओंडके ढकलायला लागला. तिने ते त्याला कधी विसरू दिलं नाही. चूल धुमसली, छप्पर गळलं, की ती सुरू व्हायची: सरकार फुकट शिकवायला तयार होतं, पण ह्या माणसाला मेहनत नको! पोरांसमोर म्हणायची. नाताळच्या जेवणाला वेंडेलसमोरसुद्धा म्हणायची. ओझेल हसायचा आणि ताटात आणखी रस्सा ओतून घ्यायचा.

ते हसणं आता तिला ऐकवेना.

मंडळ विचार करायला आतल्या खोलीत गेलं. व्हर्लीन नवऱ्याच्या पाठीकडे बघत राहिली. दार उघडलं तेव्हा रेनाटाने नकळत तिचा हात पकडला.

"कॉर्पोरल गेन्स," पांढऱ्या केसांचा माणूस म्हणाला.

ओझेल उभा राहिला. गुडघे कडकड वाजले, तरी तो ताठ उभा राहिला.

"तुमच्यावर अन्याय झाला. तुमची सेवा सन्माननीय होती, असा आमचा एकमताचा निर्णय आहे. इस्पितळ, निवृत्तिवेतन, आणि वेळ येईल तेव्हा लष्करी इतमामात अखेरचा निरोप, हे सगळं तुमचं आहे. शिक्षणाच्या सवलतीची मुदत मात्र केव्हाच संपली. ती आम्हाला परत देता येत नाही. त्याबद्दल मी तुमची माफी मागतो."

"असू द्या, साहेब," ओझेल म्हणाला. "आता पुस्तक उघडलं तर खरंच डोकं दुखेल."

टेबलामागे कोणीतरी हसलं. मग सगळेच हसले. रेनाटा हसता हसता डोळे पुसायला लागली. ओझेलने इतका लांब श्वास सोडला, की जणू एवढी वर्षं तो छातीतच धरून ठेवला होता.

ती तिघं बाहेर आली. पायऱ्यांवर ऊन पडलं होतं. रेनाटा गाडी आणायला गेली आणि व्हर्लीन नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली. ती चिडली की त्याला आडनावाने हाक मारायची.

"मिस्टर गेन्स, आयुष्यभर मी तुला आळशी म्हणत आले. चारचौघांत म्हणत आले. तू एकदाही तोंड उघडलं नाहीस. का?"

ओझेल टोपीची कड चाचपत राहिला.

"आळशी माणसाबरोबर तू राहिलीस, व्हर्लीन. कुरकुरत का होईना, राहिलीस. सैन्यातून हाकललेल्या माणसाबरोबर राहिली असतीस का, हे विचारायची मला कधी हिंमत झाली नाही."

व्हर्लीनने त्याच्या हातातली टोपी घेतली, त्याच्या डोक्यावर नीट बसवली आणि त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

"मग आता विचार," ती म्हणाली.